वारशातली माणसे

14 जानेवारी 1778. पेनसिल्व्हेनियातली व्हॅली फोर्जची छावणी. ओंडक्यांच्या झोपड्यांत अर्धपोटी सैनिक तापाने फणफणत पडलेले, आणि तिथेच 23 वर्षांचा एक अधिकारी वडिलांना पत्र लिहायला बसलेला. मुलाने बापाकडे वाटणी मागावी यात नवल नाही. पण या मुलाने मागितलेली वाटणी त्या घराण्यात आजवर कुणी मागितली नव्हती. माझ्यासाठी संपत्ती मागे ठेवण्याऐवजी तुमच्या मळ्यांवरचे धडधाकट गुलाम मला आत्ताच देऊन टाका, असे त्याने लिहिले. त्यांची पलटण उभारायची, त्यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी लढायचे आणि लढता लढता स्वतःचे स्वातंत्र्यही मिळवायचे, अशी त्याची योजना होती. ज्यांचे मानवी हक्क अन्यायाने हिरावून घेतले आहेत अशी माणसे, असा त्यांचा उल्लेख त्याने त्या पत्रात केला.

मुलाचे नाव जॉन लॉरेन्स. वडील हेन्री लॉरेन्स त्या वेळी काँटिनेंटल काँग्रेसचे अध्यक्ष होते, म्हणजे ब्रिटनविरुद्ध उठलेल्या 13 वसाहतींच्या प्रतिनिधीसभेचे प्रमुख. त्याआधी ते दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटन बंदरातले बडे व्यापारी. 1750च्या दशकात त्यांच्या पेढीने आफ्रिकेतून आणलेल्या 8,000हून अधिक माणसांची विक्री केली होती. जॉनचे जिनिव्हातले शिक्षण, लंडनमधला कायद्याचा अभ्यास, अंगावरचे कपडे, हातातले पुस्तक, सगळे त्या पैशातून आलेले. त्या पैशावर वाढलेला मुलगा हे पत्र लिहीत होता.

अमेरिकेच्या संस्थापकांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येते: ‘त्या काळी तसेच चालायचे हो, ती माणसे त्यांच्या काळाची होती.’ हे वाक्य आपल्या घरांतही नवे नाही. पणजोबांच्या वागण्यापासून पेशवाईतल्या चालीरीतींपर्यंत कुठलाही वाद अडला की कुणीतरी ते म्हणतो आणि वाद मिटल्यासारखा वाटतो. मला ते ऐकले की व्हॅली फोर्जचे पत्र आठवते, कारण ते पत्रही त्याच काळातले आहे. तीच छावणी, तोच वर्ग, तेच घर. मग ‘त्या काळाचा माणूस’ यांपैकी कोणाला म्हणायचे? गुलाम राखणाऱ्या बापाला, की त्यांना मोकळे करू पाहणाऱ्या मुलाला? ही सबब नीतीच्या कसोटीवर टिकते की नाही हे पुढचे. आधी ती इतिहास म्हणूनच खोटी आहे, असे माझे म्हणणे आहे.

जॉनचे विचार छावणीतल्या उपाशी रात्रींनी अचानक बदलले असेही नाही. एप्रिल 1776 मध्ये, स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघायच्या आधी, त्याने लंडनहून एका मित्राला लिहिले होते, की निदान दक्षिणेतल्या आम्हा अमेरिकनांना तरी आमच्या गुलामांना मुक्त केल्याशिवाय स्वातंत्र्यासाठी भांडताना शोभा नाही. त्याच वर्षी 14 ऑगस्टला हेन्री यांनी मुलाला लिहिले, की मला गुलामीची घृणा आहे. जाहीरनामा नुकताच चार्ल्सटनला पोचला होता. या माणसांना मी गुलाम केलेले नाही, ते इंग्रजांचे कर्म, असेही त्यांनी त्यात म्हटले. माझे गुलाम विकले तर 20,000 पौंड येतील असा अंदाजही त्याच पत्रात दिला. आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना मोकळे करण्याचे मार्ग शोधतो आहे, असेही सांगितले. मार्ग शोधणे चालूच राहिले. मोकळे झाले ते फार थोडे.

म्हणजे बापालाही कळत होते. हे पत्र मला फार महत्त्वाचे वाटते. ‘त्या काळी कुणाला त्यात गैर वाटत नव्हते’ या समजुतीला ते मुळातच सुरुंग लावते. गैर वाटत होते. किंमत किती हेही ठाऊक होते. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर शेजारी शेजारी बसल्या होत्या.

सैनिक म्हणून जॉन लॉरेन्स बेफिकिरीइतका शूर होता. ऑगस्ट 1777 मध्ये तो सरसेनापती वॉशिंग्टनच्या खास अधिकाऱ्यांच्या ताफ्यात दाखल झाला. पुढच्याच महिन्यात ब्रँडीवाइनची लढाई झाली. तो तिथे मेला नाही किंवा जखमी झाला नाही यात त्याचा दोष नाही, दोन्हींपैकी एक व्हावे म्हणून लागेल ते सगळे त्याने केले, असे त्याच सैन्यातल्या लाफायेत या फ्रेंच अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. जर्मनटाउनला गोळी लागली, मॉनमाउथला घोडा पडला, वॉशिंग्टनची निंदा केली म्हणून जनरल चार्ल्स लीशी द्वंद्वयुद्ध झाले. या गोष्टी चरित्रांतून रंगवून सांगितल्या जातात. मला मात्र त्याचे खरे धाडस दुसरीकडे दिसते. गोळीसमोर उभे राहणारे त्या सैन्यात पुष्कळ होते. चार्ल्सटनच्या मळेवाल्यांच्या सभेत, आपल्याच सोयऱ्याधायऱ्यांसमोर उभे राहून ‘यांना मोकळे करा’ म्हणणे, आणि एकदा हरल्यावर पुन्हा, आणि पुन्हा हरल्यावर आणखी एकदा, हे त्याहून अवघड होते.

डिसेंबर 1778च्या अखेरीस ब्रिटिशांनी सव्हाना घेतले आणि दक्षिणेत दाणादाण उडाली. दक्षिण कॅरोलिनाकडे माणसे नव्हती. म्हणजे गोरी माणसे नव्हती, आणि जी होती त्यांतल्या अनेकांना गुलाम उठाव करतील या धास्तीने घर सोडायचे नव्हते. अशा वेळी 29 मार्च 1779 रोजी काँटिनेंटल काँग्रेसने ठराव केला: दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जिया यांनी 3,000 काळ्या सैनिकांच्या पलटणी उभाराव्यात. मालकांना दर माणसामागे 1,000 डॉलरपर्यंत भरपाई मिळेल. सैनिकांना पगार नाही, पण युद्ध संपेपर्यंत निष्ठेने राहून शस्त्रे परत करणाऱ्याला स्वातंत्र्य आणि 50 डॉलर मिळतील. या अटींत काय आहे आणि काय नाही हे आज वाचताना चटकन दिसते. पैसा मालकाला, बंदूक गुलामाला. तरीही हा ठराव राष्ट्राच्या सर्वोच्च सभेने मंजूर केला होता, हे विसरता येत नाही. ही कल्पना कुण्या एका स्वप्नाळू तरुणाच्या डोक्यात अडकून पडलेली नव्हती.

ठरावाच्या पंधरा दिवस आधी लॉरेन्सचा मित्र आणि वॉशिंग्टनच्या ताफ्यातला सहकारी अलेक्झांडर हॅमिल्टन याने काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष जॉन जे यांना लिहिले होते, की काळ्यांची नैसर्गिक बुद्धी बहुधा आपल्याइतकीच असेल. त्यांच्याविषयीची तुच्छता आपल्याला शिकवली गेली आहे आणि त्यामुळे विवेकाला किंवा अनुभवाला धरून नसलेल्या अनेक गोष्टी आपण खऱ्या मानतो. ‘शिकवली गेली आहे’ हे शब्द 1779चे आहेत. वॉशिंग्टन मात्र कचरला. शत्रूने आधी तसे केल्याशिवाय गुलामांना शस्त्रे द्यावीत की नाही हा वादाचा मुद्दा आहे, असे त्याने हेन्री यांना कळवले, आणि काहींना मोकळे केले तर उरलेल्यांना गुलामी अधिकच जड होईल अशी भीतीही बोलून दाखवली. शत्रूने तर ते केव्हाच केले होते. व्हर्जिनियाचा ब्रिटिश गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने नोव्हेंबर 1775 मध्येच, बंडखोरांचे जे गुलाम राजाच्या बाजूने लढतील ते स्वतंत्र, असे जाहीर केले होते. वॉशिंग्टन स्वतः व्हर्जिनियाचा. आणि वॉशिंग्टनच्याच सैन्यात ऱ्होड आयलंडची पलटण होती, जिच्यात फेब्रुवारी 1778 पासून स्वातंत्र्याच्या बोलीवर गुलाम भरती झाले होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ऱ्होड आयलंडच्या लढाईत तिने शत्रूचे हल्ले परतवले. लॉरेन्स त्या लढाईत होता. त्याने ते डोळ्यांनी पाहिले होते.

काँग्रेसचा ठराव घेऊन लॉरेन्स घरी गेला आणि दक्षिण कॅरोलिनाच्या विधिमंडळात निवडून आला. प्रस्ताव मांडला. मूठभर लोक सोडले तर सारी सभा संतापली. ख्रिस्टोफर गॅड्सडेन हा चार्ल्सटनमधला स्वातंत्र्याचा सर्वांत जहाल पुढारी. वेटोळे घातलेला खुळखुळ्या साप आणि खाली ‘मला पायाखाली तुडवू नका’ अशी अक्षरे असलेला पिवळा झेंडा त्याच्या नावाने ओळखला जातो. त्याने बोस्टनला सॅम्युएल अ‍ॅडम्सला लिहिले, की गुलामांच्या हाती शस्त्रे देण्याच्या काँग्रेसच्या शिफारशीने इथे आम्हाला शिसारी आली आहे. त्याच वर्षी मे महिन्यात ब्रिटिश सैन्य चार्ल्सटनच्या वेशीवर आले, तेव्हा गव्हर्नर जॉन रटलेज आणि त्याच्या मंडळाने शत्रूला सांगून पाहिले, की आमचे राज्य युद्धात तटस्थ राहील, आम्हाला सोडा. हा निरोप घेऊन जायला लॉरेन्सने साफ नकार दिला. स्वातंत्र्य सोडायची तयारी होती, गुलाम सोडायची नव्हती. मला तरी यावरून दुसरा अर्थ काढता येत नाही.

1780च्या सुरुवातीला त्याने पुन्हा प्रस्ताव आणला. पुन्हा नकार मिळाला. 12 मे 1780 रोजी चार्ल्सटन पडले आणि सुमारे 5,000 सैनिक शत्रूच्या हाती लागले. त्या युद्धात अमेरिकेचा याहून मोठा पराभव झाला नाही. लॉरेन्सही कैद झाला.

अदलाबदलीत तो सुटला आणि काँग्रेसने त्याला खास दूत म्हणून फ्रान्सला धाडले. मुत्सद्दी म्हणून त्याचा हा एकच मोठा प्रवास. फेब्रुवारी 1781 मध्ये बोस्टनहून निघालेल्या त्या जहाजावर त्याच्याबरोबर थॉमस पेन होता. हो, तोच पेन, ज्याचे मानवी हक्कांवरचे लिखाण पुढे तरुणपणी जोतीराव फुल्यांनी पुण्यात वाचले आणि मनावर कोरून घेतले. व्हर्सायच्या दरबारी रीतीभाती लॉरेन्सला मानवणाऱ्या नव्हत्या. परराष्ट्रमंत्री व्हर्जेन दाद देईना, तेव्हा त्याने शिष्टाचार बाजूला ठेवून थेट राजाच्या हातात निवेदन दिले. तिथला अमेरिकेचा मुरब्बी वकील फ्रँकलिन याला हे मुळीच आवडले नाही. पोराने मंत्र्यांना फार दुखावले, असे त्याने नंतर लिहिले, जरी त्याच्या अखंड मेहनतीची कबुलीही दिली. 60 लाख लिव्हरची (लिव्हर म्हणजे तेव्हाचे फ्रेंच चलन) देणगी फ्रँकलिनने आधीच मिळवली होती, त्यामुळे सगळे श्रेय लॉरेन्सला देणे बरोबर नाही. पण हॉलंडमधून 1 कोटी लिव्हरच्या कर्जाला फ्रान्सची हमी मिळाली, आणि ऑगस्ट 1781च्या अखेरीस तो 25 लाख लिव्हर रोख नाणी आणि रसद घेऊन बोस्टनला उतरला. ऑक्टोबरमध्ये तो यॉर्कटाउनच्या वेढ्यात हजर होता.

यॉर्कटाउनची एक बाब मला सोडता येत नाही, कारण तिथे माझ्या नायकाचीच बाजू लंगडी पडते. ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस शरण आला. हाच कॉर्नवॉलिस पुढे गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि 1792 मध्ये श्रीरंगपट्टणला हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजा त्याच्या बाजूने टिपूविरुद्ध उभ्या होत्या. यॉर्कटाउनला शरणागतीच्या अटी ठरवायला अमेरिकनांतर्फे जॉन लॉरेन्स बसला. योगायोग असा, की त्याचे वडील तेव्हा लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत होते. हॉलंडला वकील म्हणून जाताना ब्रिटिशांनी त्यांना भर समुद्रात पकडले होते, आणि त्या टॉवरचा नामधारी किल्लेदार होता कॉर्नवॉलिस. चार्ल्सटनला आमच्या सैन्याला जो अपमान सोसावा लागला तोच तुम्ही सोसायचा, निशाणे गुंडाळूनच बाहेर यायचे, हा हट्ट लॉरेन्सने पुरा करून घेतला. पण त्याच तहात चौथे कलम आहे: उघडपणे या राज्यांच्या रहिवाशांची असलेली जी मालमत्ता ब्रिटिश शिबंदीकडे असेल, ती परत मागून घेता येईल. ‘मालमत्ता’ या शब्दात माणसे होती. ब्रिटिशांच्या आश्रयाला पळून आलेले शेकडो काळे स्त्री-पुरुष यॉर्कटाउनमध्ये होते, काही देवीने मरत होते, आणि या कलमाच्या आधारे मालक आपापली माणसे ओळखून घेऊन गेले. एप्रिलमध्ये ब्रिटिश जहाजावरून वॉशिंग्टनच्या मळ्यावरचे 17 जण निसटले होते. त्यांतलेही काही इथे सापडले.

लॉरेन्सने त्या कलमाला विरोध केल्याची नोंद माझ्या वाचनात नाही. छावणीत त्याच्या दिमतीला श्रूजबेरी नावाचा गुलाम असे. थंडीत त्याला कपडे हवेत म्हणून जॉनने वडिलांना लिहिले, त्याच्या मुक्ततेसाठी लिहिल्याचे दिसत नाही. गुलामी आणि पूर्ण स्वातंत्र्य यांच्यामधली योग्य पायरी म्हणून सैनिकी जीवन, अशी त्याची कल्पना होती. माणसाला माणूस होण्यासाठी आधी दुसऱ्याच्या युद्धात छातीवर गोळी झेलावी लागेल, ही अट त्यात होती. ज्यांना लढवायचे त्यांना कुणी विचारले नव्हते, आणि गंमत नाही तर दुःखाची गोष्ट म्हणजे हा आक्षेप पत्रातून घेतला तो गुलामांच्या व्यापाऱ्याने, त्याच्या वडिलांनी. ज्या मापाने मी वॉशिंग्टन आणि गॅड्सडेनला मोजतो आहे त्याच मापाने लॉरेन्सलाही मोजले पाहिजे, आणि त्या मापात तो कमी भरतो. मला त्याचा पुतळा उभारायचा नाही. त्याच्याकडून मला साक्ष हवी आहे.

तिसरा प्रस्ताव जानेवारी 1782चा. चार्ल्सटन अजून ब्रिटिशांकडे असल्याने विधिमंडळ जॅक्सनबरो या खेड्यात भरले होते. लॉरेन्सने या वेळी मागणी आणखी सौम्य केली: राजनिष्ठांच्या, म्हणजे ब्रिटिश राजाची बाजू घेणाऱ्यांच्या, जप्त मळ्यांवरचे 2,500 गुलाम घ्या, म्हणजे कुणा देशभक्ताची ‘मालमत्ता’ जाणार नाही. तरीही नकार. त्याच राज्यात जनरल सम्टरने आदल्या वर्षी गोऱ्या स्वयंसेवकांना पगार म्हणून राजनिष्ठांचे गुलाम वाटले होते. म्हणजे गुलाम युद्धासाठी वापरायला हरकत नव्हती. ते पगार म्हणून चालत होते, सैनिक म्हणून नाही. माझ्या बाजूला फक्त विवेक होता, समोर तीन तोंडांचा राक्षस होता, लोभ, पूर्वग्रह आणि भेकडपणा, असे लॉरेन्सने वॉशिंग्टनला लिहिले. वॉशिंग्टनने 10 जुलै 1782 रोजी त्याला जे उत्तर दिले त्यात जवळजवळ शरम आहे: लढ्याच्या आरंभी ध्येयासाठी सर्वस्व द्यायला निघालेली स्वातंत्र्याची ती भावना केव्हाच ओसरली आणि तिची जागा स्वार्थाने घेतली आहे.

सात आठवड्यांनी, 27 ऑगस्टला, कॉम्बाही नदीकाठी भात गोळा करायला आलेल्या ब्रिटिश तुकडीशी चकमक झाली. लॉरेन्स तापाने अंथरुणात होता, उठून गेला आणि मारला गेला. वय 27. यॉर्कटाउन होऊन दहा महिने उलटले होते, तहाची बोलणी चालू होती. बायको मार्था त्याला भेटायला निघाली असता आदल्या वर्षी फ्रान्समध्ये लील इथे वारली होती. मुलीचे तोंड त्याने कधी पाहिलेच नाही.

वडील तोवर सुटले होते. पुढे त्यांची अदलाबदल कॉर्नवॉलिसशीच झाली. नोव्हेंबरमध्ये त्यांना मुलाच्या मृत्यूची बातमी कळली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ते पॅरिसला तहाच्या बैठकीत पोचले. मसुदा तयार होता. 30 नोव्हेंबर 1782, सह्यांचा दिवस, त्याच्या अगदी तोंडावर हेन्री लॉरेन्स यांनी एक दुरुस्ती सुचवली: माघार घेताना ब्रिटिश सैन्याने अमेरिकन रहिवाशांचे ‘नीग्रो किंवा अन्य मालमत्ता’ घेऊन जाऊ नये. समोर ब्रिटनतर्फे बसला होता रिचर्ड ऑस्वाल्ड. हा हेन्री यांचा जुना व्यापारी मित्र, सिएरा लिओनजवळच्या बन्स बेटावरच्या गुलामकोठाराचा भागीदार. तिथून निघालेली जहाजे चार्ल्सटनला लागत आणि हेन्री दलाली घेऊन माणसे विकत. दुरुस्ती मान्य झाली. ती सातवे कलम म्हणून तहात गेली.

मी हा प्रसंग अनेकदा मनात आणून पाहिला आहे. मुलगा जाऊन तीन महिने झालेत, त्याची पत्रे घरात आहेत, आणि बाप ज्या कागदावर राष्ट्राचे स्वातंत्र्य लिहिले जात आहे त्याच कागदावर ती ओळ घालतो आहे. या बापाला ‘त्या काळाचा माणूस’ म्हणून सोडून द्यायचे असेल तर त्याच्या पोरालाही त्या काळातून हाकलावे लागेल. त्या सबबीने नेमके हेच साधते: ज्यांनी बोट दाखवले होते ते गाळले जातात, उरलेल्यांना ‘काळ’ म्हणतात.

आणि सगळ्यांत मोठी गाळणी तर अजून सांगायचीच आहे. 1790च्या जनगणनेत दक्षिण कॅरोलिनाची लोकसंख्या 2,49,073 होती. त्यांतले 1,07,094 गुलाम होते, म्हणजे शंभरात त्रेचाळीस. किनाऱ्याकडच्या भातमळ्यांच्या पट्ट्यात तर गोरे अगदी अल्पसंख्य. ‘त्या काळातल्या लोकांना त्यात वावगे वाटत नव्हते’ असे कुणी म्हणाले तर मी विचारतो, त्या ‘लोकां’त हे त्रेचाळीस जण धरले का? त्यांचे मत कळायला मार्ग नाही असेही नाही. जानेवारी 1777 मध्ये बोस्टनच्या प्रिन्स हॉलने सहकाऱ्यांसह मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाला अर्ज दिला, त्यात म्हटले होते, की ज्या तत्त्वांवर अमेरिका ब्रिटनशी झगडते आहे ती सगळी हजार युक्तिवादांपेक्षा जोराने आमचीच बाजू मांडतात. आणि चार्ल्सटनजवळच्या एका मळ्यावर 1760च्या सुमारास जन्मलेला बोस्टन किंग याने आपली कहाणी स्वतःच लिहून ठेवली आहे.

किंग मालकाच्या माराच्या भीतीने ब्रिटिशांकडे पळाला, देवीतून वाचला, भटकत न्यूयॉर्कला पोचला. तिथे 1783 मध्ये बातमी आली, की तहाप्रमाणे पळालेले गुलाम मालकांना परत देणार. हेन्री लॉरेन्स यांचे सातवे कलम ते. मालक दक्षिणेतून येऊन रस्त्यांतून, बिछान्यांवरून सुद्धा आपली माणसे धरू लागले. कित्येक दिवस आमची अन्नावरची वासना गेली आणि डोळ्यांतली झोप उडाली, असे किंगने लिहिले. सुदैवाने ब्रिटिश सेनापती गाय कार्लटन याने वॉशिंग्टनच्या तोंडावर सांगितले, की ज्यांना आम्ही स्वातंत्र्याचे वचन दिले त्यांना परत देणे अप्रतिष्ठेचे होईल. सुमारे 3,000 जणांची नावे वहीत उतरवून त्यांना जहाजांत बसवले गेले. किंग नोव्हा स्कॉशियाला गेला आणि 1792 मध्ये सिएरा लिओनला उतरला, ऑस्वाल्डच्या बेटापासून फार दूर नसलेल्या किनाऱ्यावर. त्या काळाचा माणूस म्हणून मला बोस्टन किंगचे नाव घ्यायचे आहे.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो हलका नाही. आज सुरक्षित खुर्चीत बसून दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीच्यांना शिक्षा ठोठावणे सोपे आहे. उद्या आपल्या वागण्याकडेही असेच पाहिले जाईल. खरे आहे, पाहिले जाईल, आणि पाहावे. पण मी आजचे माप त्यांना लावतच नाही. 1779 मध्ये काँग्रेसने जे माप दिले ते लावतो. रटलेजसमोर कागद होता, तीनदा आला, तीनदा परत गेला. हाच रटलेज 1787 मध्ये राज्यघटनेच्या परिषदेत म्हणाला, की धर्म आणि माणुसकी यांचा या प्रश्नाशी काही संबंध नाही, राष्ट्रांना चालवते ते फक्त हित. गुलामांचा व्यापार 1808पर्यंत बंद करता येणार नाही, अशी तरतूद त्या घटनेत आली. अज्ञानाने झालेली चूक आणि समजून केलेली निवड यांत फरक असतो. हा फरक पुसून टाकणे म्हणजे उदारपणा, असे मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. दक्षिणेवर जोर केला असता तर एकीच फुटली असती, राष्ट्रच झाले नसते, मग गुलामांना कोण सोडवणार होते? यात तथ्य असू शकेल. पण मग तसे सांगावे: आम्ही सौदा केला आणि किंमत दुसऱ्यांनी चुकवली. सौदा उघड मांडला तर त्याच्यावर बोलता येते. ‘काळ’ म्हटले की सौदा करणारेही दिसेनासे होतात आणि किंमत चुकवणारेही.

या गोष्टीत मला महाराष्ट्रातला एक माणूस सारखा दिसत राहतो. 1873 मध्ये महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केले ते गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थपणे झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्यांनी अमेरिकेत दोन परंपरा आहेत हे ओळखले आणि त्यांतली एक निवडून तिच्यापुढे हात जोडले. सबंध देशाला धुतल्या तांदळासारखे ठरवले नाही, सबंध देशाला झोडपलेही नाही. पूर्वजांकडे कसे पाहावे याचा याहून चांगला नमुना मला दुसरा सापडलेला नाही, आणि तो आपल्याच भाषेत आहे.

चार्ल्सटनने अलीकडे काही पावले टाकली आहेत. जून 2018 मध्ये नगर परिषदेने गुलामीतल्या सहभागाबद्दल माफी मागितली. जून 2023 मध्ये तिथे आफ्रिकन अमेरिकनांच्या इतिहासाचे संग्रहालय उघडले. ते ज्या जागी उभे आहे तिचे नाव गॅड्सडेनचा धक्का. तोच गॅड्सडेन, सापाच्या झेंड्याचा. त्याने बांधलेल्या या धक्क्यावर 1808ची बंदी येण्याआधीच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत हजारो माणसे जहाजांतून उतरवली गेली. 1779च्या वसंतात विधिमंडळाने ‘हो’ म्हटले असते तर त्यांतली किती उतरवली गेली असती, हे कुणाला सांगता येणार नाही. पण तो प्रश्न त्या जागी उभे राहून विचारता येतो, आणि विचारायला हवा.

कॉम्बाही नदी आजही वाहते आहे. 2 जून 1863च्या पहाटे, लॉरेन्स पडला त्याला 81 वर्षे होत आली असताना, अमेरिकेचे यादवी युद्ध चालू असताना, त्या नदीत केंद्र सरकारच्या वाफेच्या बोटी शिरल्या. त्यांत दक्षिण कॅरोलिनाच्या दुसऱ्या पलटणीचे काळे सैनिक होते, बरेचसे आदल्या वर्षापर्यंत गुलाम असलेले, आणि वाट दाखवायला हॅरिएट टबमन होती, स्वतः गुलामीतून पळालेली. भातमळ्यांतून 700हून अधिक माणसे किनाऱ्याकडे धावत आली. त्यांतली एक बाई टबमनला पुढे आयुष्यभर आठवत राहिली. तिच्या डोक्यावर चुलीवरून नुकतेच उचललेले भाताचे भांडे होते, त्यातून वाफ निघत होती, आणि पाठीला एक मूल बिलगले होते.